विजयदुर्ग, हेलियम आणि नारळवाले पाणाडे: नव्या कल्पनेला शास्त्रज्ञ आधी नाहीच का म्हणतात?

गिर्येकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून काढतो, जरा लांबेल.

भावाला परड्यात विहीर खणायची आहे. एप्रिल अर्धा संपला, वाडीतल्या विहिरीने तळ गाठलाय, टँकर आला तर आला. घरातल्या मोठ्यांनी पाणाड्याला बोलावलं. साठीच्या पुढचे गृहस्थ, पंचक्रोशीत नाव आहे, पैशाचा लोभ नाही, द्याल ते घेतात. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते कातळावरून अनवाणी चालत गेले आणि फणसाजवळ आल्यावर नारळ हातावर सरळ उभा राहिला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, डोळ्यांनी बघितलं. माझी मुलगी रत्नागिरीला बीएस्सी करते, तिने विचारलं की आजोबा ह्याला शास्त्रीय आधार काय. ते चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, बाय, तुझे शास्त्रज्ञ आधी सगळ्यांनाच खुळ्यात काढतात, तो समोर किल्ला दिसतोय ना, तिथे साहेबाने हेलियम शोधला तेव्हा त्यालाही पंचवीस वर्षं कोणी मानत नव्हतं.

मुलगी गप्प झाली. मलाही उत्तर सुचलं नाही, कारण गोष्ट खरीच आहे. आमच्याकडे लहानपणापासून ऐकतोय, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला लॉकियर साहेबाने विजयदुर्गावरून दुर्बीण लावली, सूर्याच्या प्रकाशात एक पिवळी रेषा दिसली जी पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याची नव्हती, त्याने सांगितलं की हे नवीन मूलद्रव्य आहे, आणि रसायनशास्त्रवाल्यांनी ते मानलं नाही. किल्ल्यावर साहेबाचे कट्टे अजून आहेत, दरवर्षी १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन होतो, शाळेची पोरं जातात.

माझा प्रश्न असा आहे. ज्यांना आधी हसले आणि नंतर जे बरोबर ठरले अशांची नावं आपण सगळे घेतो. पण जेव्हा गोष्ट आपल्या समोर घडत असते तेव्हा साध्या माणसाने कसं ओळखायचं की हा लॉकियर आहे की नुसताच बोलणारा? आणि एवढी शिकलेली माणसं नवीन काही आलं की दार लावून का घेतात? जाणकारांनी लिहा.

खगोलवेडा

धागा चांगला आहे, पण सुरुवातीलाच एक दुरुस्ती करतो, राग मानू नका. लॉकियर १८६८ साली विजयदुर्गावर नव्हता. भारतातच नव्हता.

त्या ग्रहणाला फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला होता, इंग्रजांचे लोक गुंटूर, विजापूर, जमखंडी, मच्छलीपट्टण अशा ठिकाणी होते. जान्सेनला ग्रहणात सूर्याच्या ज्वाला इतक्या तेजस्वी दिसल्या की त्याने दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाच स्पेक्ट्रोस्कोपमधून, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रातून, त्या पुन्हा पाहून दाखवल्या. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता, युद्धखात्यात कारकून, खगोलशास्त्र हा त्याचा सकाळ-संध्याकाळचा छंद. त्याने २० ऑक्टोबर १८६८ ला तीच गोष्ट ग्रहणाशिवाय स्वतंत्रपणे केली. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली, फ्रेंच सरकारने नंतर दोघांच्या चेहऱ्यांचं एकच पदक काढलं. असा प्रकाश वेगळा केला की प्रत्येक मूलद्रव्याच्या ठराविक रेषा दिसतात. ही पिवळी रेषा सोडियमच्या दोन रेषांच्या जवळ, पण त्यांच्यावर नाही. हे नवीन द्रव्य असावं ही कल्पना लॉकियर आणि रसायनतज्ज्ञ फ्रँकलंड यांची, इंग्लंडमधली.

दुर्गवासी

काय राव, बाहेरच्यांनी आमच्याकडनं काय काय नेलं आता हेलियम पण न्या. आमच्या आजोबांपासून सांगत आलेत, कट्टे काय आकाशातनं पडले? किल्ल्यावर कोणी कशाला दगडी कट्टे बांधेल मग? पुस्तकात छापलंय, पेपरात दरवर्षी येतं, कार्यक्रमाला मोठेमोठे लोक येतात ते सगळे चुकीचे आणि तुम्ही एकटे बरोबर का?

खगोलवेडा

दुर्गवासी, तुमचा राग समजतो, माझं आजोळ पडेलचं आहे, मलाही हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वाईट वाटलं होतं. पण कट्टे खोटे नाहीत. लॉकियर विजयदुर्गाला आला होता, फक्त तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. तेव्हा तो सर झालेला होता, साठी ओलांडलेली, नेचर नियतकालिकाचा संस्थापक. बंदरात मेल्पोमेनी नावाची युद्धनौका उभी होती आणि तिच्यावरचे खलाशी उपकरणं लावायला, घड्याळ मोजायला, सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाची चित्रं काढायला मदतीला घेतले होते. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची, तेवढ्यासाठी इतकी तयारी. त्याच ग्रहणाला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे लोक करमाळ्याजवळ जेऊरला होते आणि पुण्याचे प्राध्यापक नायगमवालाही तिथेच.

तोवर हेलियम सापडून तीन वर्षं झाली होती. रसायनतज्ज्ञ रॅम्झीने १८९५ मध्ये क्लीव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजावर आम्ल घालून निघालेला वायू तपासला, शोधत होता आरगॉन, दिसली ती पिवळी रेषा. म्हणजे ज्या माणसाचं हे म्हणणं सत्तावीस वर्षं रसायनवाल्यांनी धड मानलं नव्हतं तो माणूस खरा ठरल्यावर आपल्या किल्ल्यावर आला. मला तर ही गोष्ट मूळ दंतकथेपेक्षा जास्त आवडते.

गिर्येकर

खगोलवेडा, तुमची पोस्ट सकाळी वाचली आणि खरं सांगतो, दिवसभर चरफडत होतो. तुम्ही चुकीचे आहात हे दाखवायला काय मिळतंय ते शोधत बसलो. संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन बसलो तेव्हा लक्षात आलं की मी ह्या धाग्यात ज्यांना दोष द्यायला निघालो होतो तेच मी करतोय, समोरच्याने तारखा दिल्यात आणि मी तारखा न बघता आमच्याकडे असंच सांगतात एवढंच धरून बसलोय.

दुरुस्ती मान्य. मूळ पोस्ट तशीच ठेवतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्याला काय बदललं ते कळेल. आणि येत्या १८ ऑगस्टला पोरांना २२ जानेवारी १८९८ ची गोष्टही सांगावी असं शाळेत सुचवणार आहे.

रसायन_मास्तर

तीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझ्या जातभाईंच्या बाजूने दोन शब्द.

सत्तावीस वर्षं रसायनवाले गप्प होते ते अडाणी म्हणून नव्हे. मूलद्रव्य म्हणजे काय, तर जे हातात घेता येतं, वजन करता येतं, कशाशी संयोग पावतं ते बघता येतं. इथे होती एक रेषा. एकच. ती हायड्रोजनचीच असेल, फक्त सूर्यावरच्या भयंकर परिस्थितीत वेगळी दिसत असेल, ही शंका अगदी रास्त होती, आणि फ्रँकलंड-लॉकियर यांनी स्वतः प्रयोगशाळेत हायड्रोजनवर वेगवेगळे दाब देऊन ती रेषा निघते का ते तपासलं. निघाली नाही. तरी फ्रँकलंड स्वतः शेवटपर्यंत सावधच राहिला.

आता गंमत नव्हे, मुद्द्याची गोष्ट सांगतो, ही कोणी सांगत नाही. १८६९ च्या ग्रहणात अमेरिकेत सूर्याच्या प्रभामंडळात एक हिरवी रेषा दिसली, तीही पृथ्वीवरच्या कशाशी जुळेना. लोक म्हणाले नवीन मूलद्रव्य, नाव ठेवलं कोरोनियम. तेजोमेघांत, म्हणजे अवकाशातल्या चमकणाऱ्या वायूच्या ढगांत, दोन हिरव्या रेषा दिसल्या, नाव ठेवलं नेब्युलियम. युक्तिवाद तोच, अक्षरशः तोच, की रेषा ओळखीची नाही म्हणजे द्रव्य नवीन. हेलियमच्या बाबतीत तो बरोबर आला आणि ह्या दोन्ही बाबतींत चुकला. १९२७ मध्ये बोवेनने दाखवलं की नेब्युलियम म्हणजे आपला ऑक्सिजन, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आणि अतिविरळ अवस्थेतला. कोरोनियमला त्याहून जास्त वेळ लागला, १९४० च्या आसपास ग्रोत्रियान आणि एडलेन यांच्या कामातून कळलं की ते लोखंड आहे, तेरा इलेक्ट्रॉन उडालेलं. तेरा इलेक्ट्रॉन उडायचे तर प्रभामंडळाचं तापमान दहा लाख अंशांच्या घरात हवं, आणि खाली सूर्याचा पृष्ठभाग सहा हजाराच्या आतबाहेर. चुलीपासून लांब गेल्यावर जास्त चटका बसावा असं हे, आणि तरी ते मानावं लागलं कारण रेषांचं गणित जुळलं.

१८६९ साली रसायनवाल्यांनी टाळ्या वाजवून तिन्ही मूलद्रव्यं तक्त्यात घातली असती तर दोन खोटी बसली असती. म्हणून मी मुलांना सांगायचो की नाही म्हणणारा माणूस शत्रू नाही. नाही म्हणून उठून जाणारा आणि नाही म्हणून काय दाखवलंस तर पटेल हे सांगणारा, ह्यांत फरक करा.

दुर्गवासी

मास्तर, हे नवीन कळलं. खगोलवेडा, मघाशी जास्त बोललो. १८९८ बद्दल अजून काही असेल तर लिहा, आमच्या मंडळाच्या फलकावर लावू.

खगोलवेडा

दुर्गवासी, मास्तरांनी हिरव्या रेषेचं काढलंच आहे तर एक गोष्ट फलकावर नक्की लावा. त्या रेषेची जागा आधी थोडी चुकीची मोजलेली होती, ती १८९८ च्या ग्रहणातल्या निरीक्षणांतून दुरुस्त झाली, आणि विजयदुर्गाची छावणी त्या कामात होती. जागा चुकीची असती तर पुढे लोखंडाशी मेळ घालणार कसा? म्हणजे किल्ल्याचा वाटा आहेच, फक्त दुसऱ्या रेषेत.

बिरवाडीवाला

दरवाजे लावून घेण्याबद्दल चाललंय तर महाडचं उदाहरण आलंच पाहिजे, आणि ते माझ्या घरातलं आहे.

आमचा गाव चिरेखाणीचा. चिरे उचलताना लाल विंचू चावणं हे दर पावसाळ्याआधीचं ठरलेलं. माझी आत्या १९७४ ला गेली, वय अकरा. उलट्या, घामाने अंथरूण भिजलेलं, हातपाय बर्फासारखे, मग तोंडातून फेस आणि संपलं. तेव्हा जवळच्या दवाखान्यात जे होतं ते दिलं. विंचवावर हे असंच द्यायचं हे ठरलेलं होतं आणि त्याने माणूस वाचत नाही हेही सगळ्यांना माहीत होतं, तरी तेच चालू होतं.

१९७६ ला डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. मोठं इस्पितळ नाही, यंत्रं नाहीत. त्यांनी केलं काय, तर रुग्णाच्या उशाशी बसून दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब, घाम, श्वास लिहीत राहिले. रात्र रात्र. त्यातून दिसलं की विष अंगातल्या मज्जातंतूंना असं पिसाळवतं की रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. माणूस विषाने नाही, स्वतःच्याच शरीरात उठलेल्या वादळाने मरतो. हे त्यांनी लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात १९८२ ला छापून आणलं. मग रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन, जे रक्तदाबासाठी बाजारात होतंच आणि काही महाग नव्हतं, ते वापरून बघितलं आणि १९८६ ला त्याबद्दल लिहिलं. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ ला पद्मश्री मिळाली.

माझ्या वडिलांना १९८८ ला चावला. तेच सगळं सुरू झालं, घाम, थंड हात. आजी आत्याचं नाव घेऊन रडायला लागली. प्राझोसिनची गोळी पोटात गेली, रात्र काढली, तिसऱ्या दिवशी वडील घरी चालत आले. अजून आहेत, आज चौऱ्याऐंशी.

विद्यापीठ नाही, मोठी प्रयोगशाळा नाही, खेड्यातला सरकारी डॉक्टर. असा माणूस बोलतो तेव्हा वरच्यांना ऐकू यायला वेळ लागतो हे खरंच आहे. पण तो बोलला कसा ते बघा. वह्या होत्या त्याच्याकडे. किती आले, किती वाचले, किती गेले, सगळं लिहिलेलं. गेलेलेसुद्धा.

गिर्येकर

वाचून अंगावर काटा आला. गेलेलेसुद्धा लिहिलेले, हे मी आमच्या पाणाडेबुवांना विचारणार आहे, की लागलेल्या विहिरी सगळ्यांना पाठ आहेत, कोरड्या गेलेल्या कुठे लिहून ठेवल्यात का.

मालवणी_गाबीत

मी जरा वेगळा बोलतंय. तुमी सगळे शिकलेले. आमच्या घरची बाव आजोबान पाणाड्याक विचारून खणलेली, नारळ उबो रवलो थयच, आणि तेका मे म्हयन्यात पण पाणी असता. आता ह्या काय खोटा? डोळ्यान बगितलेला खोटा कसा म्हणूचा? मशीनवाले इले होते शेजाऱ्याकडे, वीस हजार घेतल्यानी आणि बोअर कोरडो. मगे कोणार विश्वास ठेवचो सांगा.

कातळमाती

मालवणी दादा, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याला टाळून पुढे जाणं मला आवडणार नाही. मी भूजलावर काम करते, सिंधुदुर्ग-रत्नागिरीत बरीच वर्षं.

तुमच्या बावीला पाणी आहे हे खरं. पण विचारायचं हे की त्याच वाडीत पाणाड्याला न विचारता खणलेल्या किती विहिरींना पाणी लागलं. आपल्याकडे वर जांभा, तो स्पंजासारखा सच्छिद्र, पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, ते पाणी जांभ्यातून झिरपत खालच्या चिकण मातीच्या थरावर अडतं आणि त्या थराच्या उताराने बाजूला सरकतं. म्हणून सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळपठाराच्या, माथ्यावर मे महिन्यात खडखडाट असतो आणि उताराच्या पायथ्याला, जिथे जांभा संपून माती उघडी पडते, तिथे झरे असतात. पायथ्याच्या वाडीत कुठेही खणलं तरी बहुतेक वेळा थोडंफार पाणी लागतंच. पाणाड्यांचे पाय पिढ्यान्‌पिढ्या ह्या कातळावरून फिरलेत, कुठली झाडं हिरवी राहतात, कुठे वारूळ आहे, कुठे सकाळी दव जास्त, हे त्यांना न सांगता दिसतं. ते ज्ञान खरं आहे असं मी मानते आणि मी त्यातून शिकलेही आहे. माझी शंका फक्त नारळावर आहे.

नारळाची नाही, पण काठी घेऊन पाणी शोधणाऱ्यांची परीक्षा झालेली आहे. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ ला पाचशेच्या आसपास पाणाड्यांतून सर्वांत चांगले ४३ निवडले, एका दुमजली कोठारात खाली पाण्याचा पाइप सरकवत राहिले आणि वर ह्यांनी तो कुठे आहे ते सांगायचं. ८४३ वेळा. प्रयोग करणारे म्हणाले काही जणांत शक्ती दिसते. दुसऱ्या एका शास्त्रज्ञाने, एनराइटने, तोच डेटा तपासला तर जे एका फेरीत चमकले तेच दुसऱ्या फेरीत पडलेले, सगळं मिळून अंदाजाइतकंच.

आणि दार लावण्याबद्दल म्हणाल तर माझ्या विषयाइतका मोठा दोष कुणाच्या माथी नाही. वेगेनरने १९१२ ला सांगितलं की खंडं सरकतात. तो हवामानशास्त्रज्ञ, म्हणजे आमच्या घरचा नव्हे. किनारे जुळतात, दोन्हीकडचे जीवाश्म जुळतात, हिमनद्यांच्या खुणा जुळतात, हे सगळं त्याने मांडलं. जेफ्रीजने गणित करून दाखवलं की तू सांगतोस त्या बलाने खंड हलणं अशक्य आहे. गणित बरोबर होतं! वेगेनरचं बल खरंच चुकलं होतं. पण बल चुकलं म्हणून सरकणंच खोटं असा निकाल लावला, तिथे आमचे लोक घसरले. तो १९३० ला ग्रीनलंडच्या बर्फात मोहिमेवर असताना गेला, पन्नाशीत. समुद्राच्या तळावरचे चुंबकीय पट्टे समजले आणि तळ पसरतोय हे त्यातून दिसलं ते १९६३ ला, व्हाइन आणि मॅथ्यूज यांच्या निबंधाने. त्याच वर्षी तीच कल्पना कॅनडाच्या मॉर्लीने पाठवली होती आणि ती दोन नियतकालिकांनी परत केली. आज आम्ही मुलांना शिकवतो की आपला हा सगळा काळा कातळ लाव्हारूपात ओतला जात होता त्याच सुमाराला सेशेल्सचा तुकडा आपल्यापासून सुटला, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. हे वाक्य मी १९५० साली वर्गात बोलले असते तर बऱ्याच विद्यापीठांत माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं असतं. म्हणून मी कोणाला पटकन हसत नाही.

हापूसवाला_देवगड

मॅडमची पोस्ट वाचून माझी एक जुनी जखम उघडली. साक्याचा आंबा सगळ्यांना माहीत आहे, वरून सोन्यासारखा आणि कापला की कोयीजवळ पांढरट, फोपसा, आंबट. बाहेरून कळत नाही म्हणून पेटीमागे शिव्या बागायतदाराने खायच्या. वीसेक वर्षांपूर्वी एका मेळाव्यात मी उठून सांगितलं की आमच्या कलमांवर चौदा आण्याला, म्हणजे पुरतं तयार व्हायच्या थोडं आधी, झेल्याने काढलेल्या फळात साका कमी आणि झाडावर पुरा तयार होऊ दिलेल्यात जास्त, तीन हंगाम लिहून ठेवलंय. व्यासपीठावरचे साहेब म्हणाले तुमचं खताचं नियोजन चुकतंय, बसा. वही हातात घेऊनसुद्धा बघितली नाही.

तेव्हा साधारण सांगायचे की जमिनीतून येणाऱ्या उष्णतेने होतं, आळ्यात पालापाचोळा घाला. ते पूर्ण चूक होतं असं नाही म्हणत. पण नंतर बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेच्या लोकांनी दाखवलं की फळ झाडावर असतानाच आतली कोय रुजायच्या तयारीला लागते आणि त्यासाठी भोवतालच्या गरातून ओढून घेते. म्हणजे फळ जितकं जास्त तयार तितका धोका जास्त. वाचलं त्या दिवशी मी वही काढून बायकोला दाखवली. मला श्रेय नको, मी काही कोयीचं शोधलं नाही. पण वही बघायला दोन मिनिटं लागली असती.

रसायन_मास्तर

हापूसवाले, ती वही जपून ठेवा. फोटो काढून इथे टाकलात तर बरं होईल.

निसर्गोपचारी

मग होमिओपॅथीवर पण असाच अन्याय चालू आहे त्यावर कोणी का बोलत नाही? कॅन्सर बरा झाल्याच्या कित्येक केस आहेत

कातळमाती

त्याचा वेगळा धागा काढा, तिथे येते. एवढंच सांगते, कोणी हे वाचून चालू उपचार बंद करू नयेत.

आकाशवाट

सगळं वाचलं, एक बाजू राहिली असं वाटलं. कल्पना नाकारणं वेगळं आणि माणसाला कामच करू न देणं वेगळं. हॅल्टन आर्प हा अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेचा नावाजलेला निरीक्षक, त्याचं म्हणणं होतं की क्वेसार ह्या अतितेजस्वी वस्तू फार दूर नसून जवळच्या आकाशगंगांशी जोडलेले आहेत. तो बहुधा चुकीचा होता, आज पुरावा त्याच्या विरुद्ध आहे. पण १९८० च्या दशकात त्याला सांगितलं की ह्या विषयासाठी दुर्बिणीवर वेळ मिळणार नाही, आणि तो अमेरिका सोडून जर्मनीला गेला. चुकीच्या माणसालाही बघायला नळी द्यायला हवी असं मला मनापासून वाटतं, नाहीतर तो चुकला हे कळणार कसं?

ह्याच्या उलट आपले नारळीकर सर. हॉईलबरोबर आयुष्यभर विश्व महास्फोटातून सुरू झालं ह्या मताच्या विरुद्ध बाजूने उभे राहिले, १९६५ ला महास्फोटाचा अवशेष मानलं जाणारं पार्श्वप्रारण सापडल्यावर वारं पूर्ण फिरलं तरी १९९३ ला हॉईल आणि बर्बिज यांच्यासोबत सुधारलेलं मॉडेल मांडलं, शेवटपर्यंत. पण पुण्याला आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली तिथे महास्फोट मानणारे खुशाल काम करत होते, त्यांनी कोणाची वाट अडवली नाही. आणि ज्योतिषाचा प्रश्न आला तेव्हा नुसतं थोतांड म्हणून थांबले नाहीत. हुशार आणि मतिमंद मुलांच्या मिळून दोनशे पत्रिका जमवल्या, ज्योतिषांना भाग घ्यायला जाहीर बोलावलं, प्रत्येकाला चाळीस दिल्या, सांगा कुठली कोणाची. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी बरोबर ४६ टक्के, नाणं उडवून पन्नास येतात. गिर्येकर, तुम्हीही असंच का नाही करत? बुवांना विचारून?

गिर्येकर

मंडळी, पंधरा दिवसांनी लिहितोय. आकाशवाट म्हणाले तसं केलं.

बुवांकडे मी आणि मुलगी दोघं गेलो, खरं सांगितलं की परीक्षा घ्यायची आहे, नाही म्हणालात तरी मान तीच राहील. ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, माझ्या बापाला कोणी असं विचारून घेतलं नाही, नुसते हसायचे तरी किंवा पाया पडायचे तरी. या म्हणाले.

अंगणात पाच बादल्या, वर ताटं झाकलेली, एकीतच पाणी. आधी ताटं काढून चालले, त्यांना विचारलं बादलीतल्या पाण्याला नारळ उठतो का, पाचही वेळा पाण्यावर उठला, म्हणाले लागतोय, चालेल. मग झाकून. आत मुलगी फासा टाकून बादली ठरवायची, सहा आला तर पुन्हा टाकायची, भरून झाकून मागच्या दाराने निघून जायची, नंतर मी बुवांना घेऊन यायचो, म्हणजे मलाही माहीत नसायचं. वीस फेऱ्या. अंदाजाने चार यायला हव्यात हे आधीच कागदावर लिहून त्यांना वाचून दाखवलं होतं.

पाच बरोबर आल्या. नारळ वीसही वेळा उठला. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो, मुद्दाम काही करत नव्हते, शपथेवर सांगतो, तो माणूस खोटं करत नाही. घामाघूम झाले होते. सोळाव्या फेरीला मला वाटलं थांबवावं, तेच म्हणाले पुरं करूया.

नंतर पडवीत बसले, पाणी प्यायले. म्हणाले वाहतं पाणी वेगळं असेल. मुलगी म्हणाली, आजोबा, पण आधी चालेल म्हणालात. त्यावर त्यांनी मान हलवली, म्हणाले, होय म्हटलं खरं. आणि जाताना म्हणाले पाच आले ते लिहून ठेव, माझं नाव नको घालू पण आकडा घाल. म्हणून इथे लिहिलं.

कोरड्या विहिरींचंही विचारलं. मोजलेल्या नाहीत म्हणाले, आठवतील तेवढ्या सांगतो. मुलगी वही घेऊन जाते आता शनिवारी त्यांच्याकडे, आतापर्यंत एकतीस विहिरी झाल्या, त्यांतल्या नऊ कोरड्या. कुठल्या झाडाजवळ, कुठल्या उतारावर, किती फुटांवर माती लागली, हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. कातळमाती मॅडम, तुम्हाला ही वही बघायची असेल असं वाटतं.

विहीर मॅडमनी फोटो बघून सांगितलं तिथे, फणसापासून खाली चाळीस पावलांवर, बांधाच्या कोपऱ्यात धरली. सतरा फूट झालेत, अजून जांभाच आहे, ओल नाही. भाऊ रोज संध्याकाळी माझ्याकडे बघतो. बुवा काल येऊन काठावर उभे राहिले, नारळ आणला नव्हता, म्हणाले अजून दोन-तीन फुटांवर रंग बदलेल.

कातळमाती

वही नक्की बघायची आहे, मी रविवारी येते. माझाही अंदाजच आहे हे भावाला सांगा, चुकला तर तोही आकडा इथे लिहा. आणि पिवळसर माती लागली की लगेच पुढे खणू नका, एक दिवस थांबा, कडेने झिरपतंय का ते बघा आणि मला फोटो पाठवा.